हृदयाचं सैल होणं: पेशीतले आयन पंप आणि ठोक्याचं गणित

रेघोटी

हृदयाचा विषय निघाला की आपण आकुंचनाबद्दलच बोलतो. ‘पंपिंग किती टक्के आहे?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ठोका संपल्यावर तोच स्नायू सैल पडतो आणि पोकळी पुन्हा रक्ताने भरते, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ते आपोआप होतं असं आपण धरूनच चालतो. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हा समज दरवर्षी नव्या वर्गात भेटतो. तो खोडावा एवढ्यासाठी हा धागा काढतेय.

स्नायू सैल व्हायला ऊर्जा लागते. ती खर्च करतात पेशीच्या पडद्यांमध्ये बसलेले आयन पंप, म्हणजे विद्युतभारित कणांची ने-आण करणारी प्रथिनं. ते मंदावले तर हृदयाचा जोर, लय आणि भरणं या तिन्ही गोष्टी बिघडतात.

एका ठोक्याकडे जवळून बघू. विश्रांतीच्या वेळी हृदयपेशीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम अगदी नगण्य असतं, लिटरमागे सुमारे 100 नॅनोमोल. पेशीबाहेर ते त्याच्या दहा हजार पटींहून जास्त. विद्युत संदेश आला की बाहेरून थोडंसं कॅल्शियम आत शिरतं आणि त्याच्या इशाऱ्याने पेशीच्या आतल्या साठ्याची दारं उघडतात. या साठ्याचं नाव सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पुढे नुसतं ‘एसआर’ म्हणते. तिथून कॅल्शियम भसकन बाहेर येतं आणि पेशीद्रवातली पातळी साधारण दसपट होते. ते स्नायूतंतूंवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, ॲक्टिन आणि मायोसिनचे तंतू एकमेकांवर सरकतात, स्नायू आवळतो.

आता हे सगळं कॅल्शियम पुढच्या ठोक्याच्या आत उपसायचं आहे. मिनिटाला 75 ठोके धरले तर एका ठोक्याचा सगळा संसार 0.8 सेकंदात उरकतो. कॅल्शियम ट्रोपोनिनवरून सुटत नाही तोवर स्नायू सैल होत नाही, आणि पेशीद्रवातलं कॅल्शियम कमी झाल्याशिवाय ते तिथून सुटत नाही.

हे उपसण्याचं मुख्य काम एसआरच्या भिंतीतल्या ‘सर्का’ नावाच्या पंपाचं. एक एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून तो दोन कॅल्शियम आयन साठ्यात परत ढकलतो. माणसाच्या हृदयात दर ठोक्याचं साधारण 70 टक्के कॅल्शियम याच वाटेने जातं. राहिलेलं बहुतेक सगळं सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर पेशीबाहेर टाकतो. हा एक्स्चेंजर पंप नव्हे, तो स्वतः एटीपीला हात लावत नाही. तीन सोडियम आयन आत घेतो आणि त्या ओघाच्या बळावर एक कॅल्शियम बाहेर काढतो.

हा ओघ येतो कुठून? बाहेर सोडियम लिटरमागे 140 मिलिमोलच्या आसपास, आत मात्र 10 च्या आसपास, म्हणून. हा फरक टिकवून धरतो सोडियम-पोटॅशियम पंप: एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. धरणात पाणी वर चढवून ठेवावं आणि खाली त्याच पाण्यावर चाक फिरवावं, तसं हे आहे. चाक म्हणजे एक्स्चेंजर, पाणी चढवणारा हा पंप.

या पंपाचा शोध येन्स स्कू या डॅनिश संशोधकाने 1957 साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना लावला. रसायनशास्त्राचं नोबेल त्याला 1997 साली मिळालं, तब्बल चाळीस वर्षांनी. खेकड्याच्या पायातून निघालेला धागा थेट हृदयविकाराच्या औषधापर्यंत पोचतो, त्याबद्दल प्रतिसादांत बोलू. प्रश्न विचारा, शंका काढा.

पाणकणीस

सुरेख लेख. वाचनखूण साठवली आहे.

एक गोष्ट जरा इस्कटून सांगता का? डिगॉक्सिन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध आहे असं ऐकलंय, आणि ते सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं असंही वाचलंय. पंप बंद पाडून जोर कसा वाढेल? तुमच्या म्हणण्याप्रमाणे तर उलटं व्हायला हवं.

रेघोटी

@पाणकणीस, अगदी मर्मावर बोट ठेवलंत.

सगळे पंप बंद पडले तर पेशी मरेल. औषधाच्या मात्रेत त्यातले थोडेच अडतात. त्यामुळे आतलं सोडियम किंचित वाढतं. पण एक्स्चेंजर एका कॅल्शियममागे तीन सोडियम घेतो, म्हणून त्याच्या समतोलाच्या गणितात सोडियमचा घन येतो. बाकी सगळं तेच ठेवून आतलं सोडियम दहा टक्क्यांनी वाढवा: 1.1 चा घन 1.33, म्हणजे समतोलाचं कॅल्शियम एक तृतीयांशाने वर. बाहेर जायचं कॅल्शियम थोडं मागे राहतं, सर्का ते उचलून एसआरमध्ये भरतो, साठा फुगतो आणि पुढच्या ठोक्याला जास्त कॅल्शियम सुटतं. ठोका जोरकस होतो.

एक पंप अडवल्याचा फायदा पदरात पडतो तो दुसरा पंप धडधाकट असेल तरच. सर्का आधीच थकलेला असेल तर मागे राहिलेलं कॅल्शियम साठ्यात न जाता पेशीद्रवात रेंगाळतं आणि स्नायू नीट सैल होत नाही. डिगॉक्सिनबद्दल लिहिताना हा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, याचं मला वाईट वाटतं.

इतिहास थोडक्यात: विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याने डिगॉक्सिनचं मूळ असलेल्या फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचे अंगावर सूज असलेल्या रुग्णांवरचे अनुभव 1785 साली छापले. ही द्रव्यं पेशीतली सोडियम-पोटॅशियमची ने-आण थांबवतात, हे हान्स शाट्समानने लाल रक्तपेशींवर 1953 साली दाखवलं. मधली जवळजवळ पावणेदोनशे वर्षं औषध वापरात होतं, पण ते नेमकं कुठे काम करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

सांजवारा

माझ्या आईला डिगॉक्सिन चालू आहे, शिवाय लघवी वाढवणारी गोळीही. डॉक्टर दर वेळी पोटॅशियम तपासायला लावतात. मध्यंतरी तिला मळमळायला लागलं, जेवण जाईना. आम्हाला वाटलं पित्त झालं असेल. तपासलं तर पोटॅशियम बरंच उतरलेलं होतं आणि डॉक्टरांनी डिगॉक्सिन लगेच थांबवलं. पोटॅशियमचा आणि या गोळीचा संबंध तेव्हा कोणी नीट समजावून सांगितला नाही. इथे कोणी सांगेल का?

गुंजपाला

@सांजवारा, मी फिजिशियन आहे. आईंच्या गोळ्यांबद्दल त्यांचे डॉक्टरच ठरवतील, पण संबंध काय तो सांगतो.

डिगॉक्सिन पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटतं, आणि पोटॅशियमही बाहेरूनच पंपावर बसतं. पोटॅशियम बसलं की पंप पुढच्या अवस्थेत सरकतो आणि डिगॉक्सिनची पकड सुटते. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की पंप डिगॉक्सिनला सोयीच्या अवस्थेत जास्त वेळ राहतो, म्हणजे गोळी तेवढीच घेऊनही परिणाम वाढतो. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्या पोटॅशियम घालवतात, मॅग्नेशियमही घालवतात. पंपाला लागणारं एटीपी मॅग्नेशियमला जोडलेलं असावं लागतं, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी मूत्रपिंडातून वाहून जातं. म्हणून पोटॅशियम हट्टाने वर येत नसेल तर मी मॅग्नेशियम बघतोच.

डिगॉक्सिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे वाढत्या वयात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं असताना ते साचतं. मळमळ, भूक जाणं, गळाल्यासारखं वाटणं, कधी सगळं पिवळसर दिसणं ही विषारी पातळीची लक्षणं. यातलं काही दिसलं की वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. नाडी अनियमित किंवा फार मंद लागली तर सरळ रुग्णालय गाठायचं.

लय का बिघडते तेही सांगतो. एसआरमध्ये कॅल्शियम प्रमाणाबाहेर भरलं की ते ठोक्याची वाट न बघता मध्येच गळतं. एक्स्चेंजर ते बाहेर काढायला धावतो. तो तीन सोडियम आत घेतो (तीन धन भार) आणि एक कॅल्शियम बाहेर टाकतो (दोन धन भार). हिशेबात एक धन भार आत येतो. तेवढ्याने पेशीचा विद्युतदाब सरकतो, आणि सरकणं पुरेसं असेल तर आगंतुक ठोका पडतो. जास्त जोर आणि बिघडलेली लय एकाच साखळीतून येतात, म्हणून या औषधाची सुरक्षित पट्टी इतकी अरुंद आहे.

1997 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, 6800 रुग्णांत, डिगॉक्सिनने मृत्यूचं प्रमाण बदललं नाही. हार्ट फेल्युअर बळावून भरती होण्याचं प्रमाण मात्र घटलं. म्हणून आज ते पहिल्या फळीत नाही, पण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे अनियमित थरथरतात त्या विकारात) ठोके आवरायला अजून उपयोगी पडतं. तिथे त्याचा मुख्य परिणाम ठोके मंदावणाऱ्या व्हेगस नसेमार्फत होतो, ती वाट वेगळी.

सांजवारा

खूप आभार. एवढं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मॅग्नेशियमचं पुढच्या भेटीत विचारते.

वाचनवेडा

पंप बंद करणाऱ्या गोळ्या म्हटल्यावर एक शंका आली. आम्लपित्तावरच्या गोळ्यांनाही ‘प्रोटॉन पंप’ बंद करणाऱ्या म्हणतात. त्या हृदयातल्या पंपांना धक्का लावतात का? मी बरेच दिवस घेतोय.

रेघोटी

@वाचनवेडा, जठरातला तो पंप सोडियम-पोटॅशियम पंपाचा जवळचा भाऊबंदच आहे, रचना बरीच सारखी. पण त्या गोळ्या आम्लाच्या सान्निध्यातच क्रियाशील होतात आणि मग जठराच्या पंपाला धरतात. हृदयपेशीभोवती तसं आम्ल नसतं, त्यामुळे थेट धक्का नाही.

आडवळणाने मात्र संबंध येतो. दीर्घकाळ घेतल्यास काही जणांचं मॅग्नेशियम कमी होतं, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 साली तशी सूचना दिली होती. मॅग्नेशियमचं महत्त्व गुंजपालांनी वर सांगितलंच आहे. तुम्ही लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिनही घेत असाल तर डॉक्टरांना सगळी यादी दाखवा.

पाणकणीस

मग सर्का वाढवणारं औषध का नाही काढत? डिगॉक्सिनची कटकटच नको.

रेघोटी

प्रयत्न झालाय आणि त्यात मी फार आशा लावून बसले होते. कमजोर झालेल्या हृदयात सर्काचं प्रमाण आणि काम दोन्ही घटलेलं आढळतं. म्हणून निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून सर्काचं जनुक हृदयात पोचवायचं, अशी योजना होती. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत चांगली चिन्हं दिसली. मग 250 रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2016 साली छापून आला: फायदा नाही. नंतर तपासलेल्या हृदयांच्या नमुन्यांत पोचलेल्या जनुकाचं प्रमाण फारच तुटपुंजं होतं. म्हणजे कल्पना चुकीची की टपाल पोचलंच नाही, याचा निकाल त्या चाचणीतून लागलेला नाही, असं माझं मत.

सर्काला निसर्गाने एक ब्रेक दिलाय, फॉस्फोलॅम्बन नावाचं छोटं प्रथिन. तुम्ही धावायला लागता, ॲड्रेनलिन वाढतं, फॉस्फोलॅम्बनवर फॉस्फेट चढतं आणि त्याची सर्कावरची पकड ढिली होते. कॅल्शियम झपाट्याने उपसलं जातं. ठोके मिनिटाला 150 झाले की एका ठोक्याला 0.4 सेकंदच मिळतात. तेवढ्यात भरायचं तर सैल होणंही तितकंच वेगवान हवं, आणि ते होतं ते हा ब्रेक ढिला पडल्यामुळे. त्याच वेळी फॉस्फोलेमन नावाचं त्याचं चुलत प्रथिनही सोडियम-पोटॅशियम पंपाला मोकळं सोडतं, म्हणजे जलद ठोक्यांत जास्त शिरलेलं सोडियमही वेळेत बाहेर जातं. ही जोडणी शिकवताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

साहजिकच वाटतं की ब्रेकच काढून टाकावा. फॉस्फोलॅम्बन नसलेले उंदीर जोमदार हृदयाने जगतात. पण ज्या माणसांत या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या, त्यांचं हृदय फुगून तीव्र हार्ट फेल्युअर झालं. उंदराचं हृदय मिनिटाला पाच-सहाशे वेळा धडधडतं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त कॅल्शियम सर्कावाटेच हलवतं. त्याचे नियम आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

गुंजपाला

इथे मला थोडा वेगळा सूर लावायचाय. सैल न होणाऱ्या हृदयाचं सगळं खापर सर्कावर फोडू नये. मी रोज पाहतो ते रुग्ण वयस्क, रक्तदाब जुना, मधुमेह सोबतीला. त्यांच्या हृदयाच्या भिंती जाड झालेल्या असतात, पेशींमध्ये कोलॅजन साचलेलं असतं, टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं प्रथिन ताठ झालेलं असतं. पंप नवेकोरे बसवले तरी हा ताठरपणा जाणार नाही.

रेघोटी

@गुंजपाला, ताठरपणाचं मान्य, आणि तो मुद्दा आला हे बरं झालं. फक्त दोन टप्पे वेगळे धरायला हवेत. ठोक्यानंतर लगेचचं सैल होणं, ज्याने डावी जवनिका (हृदयाचा खालचा डावा कप्पा) दाब झरझर खाली आणते आणि रक्त ओढून घेते, ते पंपांचं काम. त्यानंतर भरत जाताना भिंत किती ताणते, ते कोलॅजन आणि टायटिनचं. रुग्णात दोन्ही मिसळलेलं असतं, पण औषध शोधताना ते एकच समजलं की फसगत होते.

पंपांचा पहिला मान का, तर ऊर्जेमुळे. हृदयातलं सगळं एटीपी काही सेकंदांत संपेल एवढंच असतं, सतत नवं करावं लागतं. दिवसाची उलाढाल काही किलोंची होते. त्यातलं साधारण एक तृतीयांश पंपांवर जातं. आणि सर्काला एटीपीतून मिळणाऱ्या ऊर्जेची पातळी चढी लागते, मायोसिनपेक्षा जास्त, कारण त्याला भल्यामोठ्या चढाविरुद्ध कॅल्शियम ढकलायचंय. त्यामुळे ऊर्जा जरा घसरली की आधी सर्का अडखळतो.

गुंजपाला

हे तर रोज दिसतं. हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की आधी तो भाग सैल व्हायचा थांबतो, मग त्याचं आकुंचन मंदावतं, मग ईसीजी बदलतो, आणि छातीत दुखणं सगळ्यात शेवटी. पुरवठा तुटलेलाच राहिला तर सोडियम-पोटॅशियम पंपही मागे पडतो. काही मिनिटांतच पेशींबाहेर पोटॅशियम साचायला लागतं आणि जीवघेणी लय सुरू होऊ शकते. दुखणं सौम्य आहे म्हणून घरी थांबू नका, हे मी कळवळून सांगतो ते यासाठी.

सांजवारा

आईच्या टूडी एकोच्या अहवालात ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ असं लिहिलंय. ते हेच का? वाचून आम्ही फार घाबरलो होतो.

गुंजपाला

हेच. पण घाबरू नका. साठीनंतरच्या बऱ्याच अहवालांत हे वाक्य असतं. एकोतल्या डॉप्लर तपासणीत रक्त आत येण्याच्या दोन लाटा दिसतात: पहिली जवनिका सैल झाल्यामुळे, दुसरी वरचा कप्पा आवळल्यामुळे. तरुणपणी पहिली लाट मोठी असते. सैल होणं मंदावलं की पहिली खुजी होते आणि दुसरी तिची कसर भरून काढते. हा ग्रेड वन. धाप लागते का, पायावर सूज येते का, रक्तदाब आटोक्यात आहे का, या गोष्टी त्या एका ओळीपेक्षा महत्त्वाच्या.

वाचनवेडा

शेवटची शंका. मला थायरॉईड कमी असल्याचं निदान झालंय, नाडीही मंद असते. त्यात या पंपांचा काही हात आहे का?

रेघोटी

नाडीचा वेग ठरतो सायनस नोड या हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरमध्ये, ती वेगळी यंत्रणा. पण सैल होण्यात नक्कीच हात आहे. थायरॉईडचं संप्रेरक सर्काच्या जनुकाला चालना देतं आणि फॉस्फोलॅम्बनला आवरतं. संप्रेरक कमी पडलं की सर्का घटतो, ब्रेक वाढतो, हृदय सावकाश सैल होतं. गोळ्या सुरू झाल्या की हे बहुतेक वेळा पूर्ववत होतं.

गुंजपाला

आणि ते तपासणीच्या टेबलावर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, हृदयात नव्हे तर पायात. थायरॉईड बरंच कमी असलेल्या रुग्णाच्या टाचेमागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) रबरी हातोडी मारली की पाऊल झटक्यात खाली जातं, पण परत येताना सावकाश, रेंगाळत येतं. पोटरीच्या स्नायूतही सर्काच असतो. उपचार सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा हातोडी मारली की पाऊल चटकन जागेवर येतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना करून दाखवायला सांगा.